ओल्या हाताचा फोन

माझ्या जुन्या फोनला कोणी डबडं म्हटलं की माझं डोकं अजून फिरतं. कुणाचं काय खात होतं ते बिचारं? आमची मालवणात घरगुती खानावळ. सकाळपासून माझे हात एक तर माशांत, नाही तर खोबऱ्याच्या वाटपात. म्हणून फोन मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून वर रबर लावून ठेवायची. वाजला की पिशवीवरूनच हिरवं बटण दाबायचं. अंगठा मोकळा नसला तर बोटाच्या सांध्याने, अगदीच अडलं तर कोपराने. खवले लागोत की हळद लागो, त्याने कधी तोंड वाकडं केलं नाही.

माझ्या नवऱ्याचा, म्हणजे ह्यांचा, फोनही तसाच पिशवीत. हे होडी घेऊन दर्यात जायचे. परतताना किनाऱ्याची रेंज लागली की मिस्ड कॉल द्यायचे. वाजून थांबला की मी भात चढवायची. तो उचलायचा नाही, हे ठरलेलं. पण वाजतच राहिला तर मात्र उचलायचा, कारण मग काहीतरी बिनसलेलं असणार. दोघांच्याही फोनमध्ये पहिल्या बटणावर एकमेकांचाच नंबर होता. बटण दाबून धरलं की झालं.

दोन हजार दहा साली गणपतीच्या चवथीला मुलगा पुण्याहून आला आणि त्या पिशवीकडे बघून हसत सुटला.

"आये, असलो फोन आता कोण वापरता गो? चल, तुका टचचो घेऊया."

मी नको म्हटलं. दहादा म्हटलं. पण आईचं 'नको' मुलांना कधी ऐकू येतं? बाजारातल्या दुकानात मला उभी केली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मावशी, बोट नुसतं फिरवा, दाबायचं नाही." मी फिरवलं. फोन ढिम्म. "हात पुसून बघा." पदराला पुसले, परत फिरवलं. तरी ढिम्म. माणसाने माझ्या बोटांकडे पाहिलं, मग मुलाकडे. "त्यांची कातडी जरा..." एवढं बोलून थांबला.

"जरा काय?" मी विचारलं. दुकानातली माणसं वळून बघायला लागली.

मुलगा घाईघाईने "सवय होईल" म्हणाला आणि माझा फोन एक्सचेंजमध्ये देऊन टाकला. वरची पिशवी काढून केरात टाकली. मला विचारलंसुद्धा नाही! विळीने कापलेली, मिठाने आणि मिरचीने राठ झालेली ही बोटं. ह्याच बोटांनी निवडलेले काटे खाऊन हा मोठा झाला, आणि आता चूक बोटांची! नाकापेक्षा मोती जड म्हणतात तो हाच प्रकार.

आणि त्याचा स्वतःचा फोन? जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशाखाली. एकदा सोलकढीचा थेंब पडला तर पोर विहिरीत पडल्यासारखा उडाला.

गणपती गेले. दुसऱ्या दिवशी हे होडी घेऊन गेले. मुलगा अजून रजेवर होता. संध्याकाळच्या गिऱ्हाइकांसाठी मी बांगडे साफ करत बसले होते, आणि फळीवरचा फोन वाजला. मी थांबायची वाट बघितली. थांबेना.

मी उठले. बोट फिरवलं. काही नाही. लुगड्याला हात पुसला, परत फिरवलं. खवला चिकटला होता तो नखाने काढला. ह्यांचं नाव समोर दिसतंय, फोन हातात थरथरतोय आणि माझं बोट त्याला कळत नाही! मी मुलाला हाका मारल्या. तो परसातून धावत आला तोवर फोन बंद झाला होता. त्याच्या मऊ बोटाने उलटा फोन लगेच लावला. आतली बाई म्हणते, संपर्क होऊ शकत नाही. इतक्या गोड आवाजात म्हणते, मला वाटलं हिचाच गळा धरावा.

मी तशीच, बांगड्यांच्या हातांनी, किनाऱ्यावर गेले. वारा सुटला होता. कोणीही दिसलं की विचारायची, आमची होडी दिसली काय? काळोख पडता पडता शेजाऱ्यांच्या होडीने आमची होडी ओढत आणली. हे भिजून चिंब, अंगठा दोरीने सुजलेला. उतरले आणि पहिलं हेच विचारलं,

"फोन कित्याक उचलूक नाय गो?"

रागाने नाही, नुसतं विचारलं. इंजिन बंद पडलं होतं आणि होडी खडपाकडे, खडकांवर, सरकत होती. बॅटरी संपत आलेली, म्हणून एकच फोन केला, मला. मी कुणाची तरी होडी पाठवीन म्हणून. शेजारी वाटेने आले हे नशीब.

मी मुलाकडे बघितलं. तो पुटपुटला, "चुकला माझा. पण आये, तुझो एवढो जीव त्या डबड्यात..."

"डबड्यात कसलो, मेल्या! माझो जीव थंय दर्यात होतो. डबड्यात तुझो आसा, सोलकढीचो थेंबो पडलो तर नाचतस! सकाळी जा, आणि माझो फोन हाडून दी."

सकाळी गुमान गेला. फोन मिळाला, पण दुकानदाराने आतलं सगळं पुसून टाकलेलं, एक नंबर शिल्लक नाही. टचवाला फोन मुलाबरोबर पुण्याला गेला.

मी नवी पिशवी काढली. ह्यांनी ओसरीवर बसून, त्या सुजल्या अंगठ्याने, एकेक आकडा दाबत पहिल्या बटणावर आपला नंबर घातला. मग पिशवीला रबर लावून फोन माझ्या बाजूला ठेवला आणि आपला फोन घेऊन समोरच्या खळ्यात, अंगणात, जाऊन उभे राहिले. मी मासे साफ करत होते. फोन वाजला. वाजतच राहिला. मी बोटाच्या सांध्याने बटण दाबलं.

"उचललंस?" हे दारातून दिसत होते, तरी फोनमध्येच बोलत होते.

"उचललंय."

फोन कानालाच लावून उभे. ठेवीनात.

"ठेवा आता," मी म्हटलं, "बॅलन्स जाता."