शेवटचा भाग आमच्या गावानं पाहिला नाय

कोन बघत होता म्हनजे? अख्खा कळंब बघत होता. आचोळ्याच्या फ्लॅटमधी बसून तुला काय कळनार, सुन्या? हरीकाकाला त्या आकाशातल्या जहाजाच्या सिरियलचा शेवटचा भाग मोबाईलवर दाखव म्हनून फोन केला, तर सख्खा भाचा मला विचारतो, "मामा, ती भंगार सिरियल कोन बघत होता?" ऐक मग. तिचे किस्से खेकड्यासारखे हायत. एक वर काढला की चार त्याला धरून येतात.

*

तेव्हा गावात टीव्ही एकच, आमच्या घरी. हरीकाका तांडेल. त्याच्या होडीची डोलकाठी सगळ्यात उंच, म्हनून अँटेना तिच्यावर बांधलेली, वायर थेट आमच्या खिडकीत. चित्रात मुंग्या आल्या की माझा बापूस ओरडायचा, "होडी फिरवा." खलाशी कमरभर पान्यात उभं राहून होडी फिरवायचे. एकदा एक खलाशी वैतागला, "तांडेल, मासे कधी मारायचे?"

काका म्हनला, "जाहिरात लागली की."

*

सिरियल इंग्रजीत. अर्थ काका सांगायचा. कॅप्टन लांबलचक बोलला की काका म्हनायचा, "वारा पडलाय म्हनतो."

पुढं केबल आली नि तीच सिरियल हिंदीत लागली. गोष्ट निराळीच निघाली. गाव जाम चिडलं. काकावर नाय, हिंदीवाल्यांवर. "खोटं बोलतायत," म्हनून दोन भागात बंद केली.

*

कॅप्टन मेला त्या दिवशी काकाच्या बायकोनं, मंगळीकाकीनं, चूल पेटवली नाय. पुढच्या रविवारी तो जिवंत. सगळे टाळ्या पिटतात, काकी टीव्हीसमोर उभी, "मेल्या, उपाशी ऱ्हायले ना तुझ्यापायी."

*

आता त्या सिरियलचा नवीन सिझन आलाय म्हनतात. किनाऱ्यावर कॉटेजला एक पोरगा आलेला, छातीवर आमचंच जहाज छापलेलं. काकीनं त्याचा हात धरला, "बाळा, शेवटी काय झालं रे?"

"आंटी, मैं सिर्फ टी-शर्ट पहनता हूँ."

*

शेवटच्या भागात जहाज भरकटलेलं. घरी पोचतंय का बुडतंय, एवढंच बघायचं होतं. अख्खं गाव आमच्या पडवीत. सिरियल रंगात आली नि टीव्ही आपोआप टेबलावरून सरकायला लागला. बापसानं त्याला मिठी मारली. खिडकीतून बघतो तर हरीकाका होडी घेऊन निघालेला. एकटाच. अँटेनासकट. ताडकन वायर तुटली.

संध्याकाळी काका परत आला तर गाव काठ्या घेऊन उभं. काका म्हनला, "भरती कोनासाठी थांबत नाय."

बापूस होडीत वाकला. जाळं कोरडं होतं, एकदाही टाकलेलं नाय. त्यानं लोकांना घरी पाठवलं.

काकानं त्यानंतर सिरियलचं नाव काढलं नाय. आता त्याला कमी दिसतं. परवा अंगनात मला जवळ बोलावलं नि हळूच विचारलं, "पोचलं काय रे ते घरी?"

रविवारी कळंबला ये. मोबाईल चार्ज करून आन.