एसीचा पाइप आणि अण्णांची गॅलरी

गेल्या सोमवारी आमच्या निगडीच्या घरात चाकांवरचा एसी आला आणि माझं डोकं फिरलं...

सचिनची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, सध्या चाकणला थर्ड शिफ्ट आहे. सकाळी येऊन झोपतो आणि उकाड्याने दोन तासांत जागा होतो. रात्रभर हात प्रेस मशीनवर असतात, त्यामुळे त्याची झोप हा आमच्याकडे चेष्टेचा विषय नाही.

घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाहीत, म्हणून हा पोर्टेबल. बेडरूमची एकुलती एक खिडकी उघडते गॅलरीत. तिच्यातून गरम हवेचा पाइप काढला, फटींत जुनी चादर कोंबली. गॅलरीला स्लायडिंगच्या काचा आहेत, पण त्या कायम उघड्या... हवा जाईल की बाहेर.

खोली काही गार होईना. दुकानात रोज फोन, रोज तेच उत्तर, "मॅडम, पाइप बाहेर काढलाय ना?" अहो, काढलाय... चार दिवस मी त्या माणसाला झापत होते. सचिन घामाघूम उठायचा आणि माझ्याकडे असा बघायचा, जणू एसी मीच बनवलाय.

दुपारी हॉलमध्ये माझ्या ट्यूशन्स असतात, म्हणून सासऱ्यांची, अण्णांची, कॉट गॅलरीत. गुरुवारी ते म्हणाले, "कपडे लई झटकन वाळतायत हां." मीही हसले...

शुक्रवारी कपडे काढायला गॅलरीत गेले, तर भट्टीत शिरल्यासारखं झालं. सगळ्या काचा बंद. अण्णा डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेले, पाइपाच्या समोरच.

"अण्णा, काचा का लावल्यात?"

"खाली हॉर्न मारत्यात गं. तुमच्या त्या खिडकीच्या फटीतनं त्याला ऐकू जातं. दिवसाची झोप लई कच्ची असती, मी बी केलीय की थर्ड शिफ्ट."

मला भयंकर राग आला. त्यांचा, एसीचा, आणि सगळ्यात जास्त माझा... मशीनची चौकशी रोज केली, गॅलरीतल्या माणसाची एकदाही नाही.

काचा उघडल्या, कॉट बेडरूममध्ये नेली. अर्ध्या तासात खोली गार झाली आणि बापलेक घोरायला लागले.

काल दुपारी खाली एक टेम्पोवाला हॉर्नवर हात ठेवून उभा. ट्यूशन तशीच सोडून मी खाली गेले आणि त्याला असं काही झापलं... वर आले तर दोघंही गाढ झोपलेले.

अण्णा, सॉरी. काचा उघड्याच राहू द्या, हॉर्नचं मी बघते.