सकाळचा पहिला स्टार्टर

त्याला सगळे कानसेन म्हणत. गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. पण बॉनेट न उघडता नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगायचा, म्हणून हे नाव पडलं. ते त्याला मनापासून आवडायचंही. गॅरेजच्या पाटीवरही 'कानसेन'च होतं, खरं नाव लिहायची त्याला कधी गरज वाटली नाही. माणसानं स्वतःवर किती खूश असावं, याला काही धरबंध?

त्याच्या गॅरेजचा एक रिवाज होता. सकाळी सुरू व्हायला कुरकुरणारी गाडी आदल्या संध्याकाळीच आणून लावायची, आणि तो येईपर्यंत कुणी किल्लीला हात लावायचा नाही. थंड इंजिनाचं दुखणं ते थंड असतानाच दिसतं. चालवत आणली की गाडी गरम झालेली असते, मग ती शहाण्यासारखी सुरू होते आणि गिऱ्हाईक बिचारं खोटं पडतं. सकाळचा पहिला स्टार्टर एकदाच मिळतो. तो हुकला की बसा दुसऱ्या दिवसापर्यंत हात चोळत. त्या वेळी पंखा बंद, रेडिओ बंद. धाकटा भाऊ गॅरेजात बरोबरीनं राबायचा, पण तेव्हा तोही हातातला चहाचा कप खाली ठेवायला धजायचा नाही.

अलीकडे कानसेन घरच्यांवर वैतागलेला असायचा. बायको हाक मारायची सोडून पुढ्यात येऊन उभी राहायला लागली होती. आणि हा भाऊ! एकेकाळी तोंडातून शब्द फुटायचा नाही त्याच्या, आता साधा पाना मागायचा तरी कोकलायचा, वर तेच पुन्हा सांगायचा.

"बहिरा आहे का मी?" कानसेन डाफरायचा. भाऊ मान खाली घालून कामाला लागायचा.

त्याचा दुसरा राग पंपांवर होता. टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत चढवणारा छोटा पंप मागच्या सीटखाली असतो. किल्ली अर्धी फिरवली की तो क्षणभर गुणगुणतो. गुणगुण आली नाही तर पंप गेला, हे कानसेनचं साधं गणित. हल्ली गाडीमागून गाडीचा पंप गेलेला निघत होता. "कचरा माल बनवतात लेकाचे," असं म्हणून तो नवा पंप बसवायचा आणि जुना बाकड्याखालच्या टबात टाकायचा. तरी गाडी कुरकुरली, तर आणखी काहीबाही बदलून बघायचा.

त्या सकाळी गाडी होती हॉस्पिटलातल्या एका नर्सची. तिची गाडी पहाटे नुसती घरघरायची, सुरू व्हायचं नाव घ्यायची नाही. रात्रपाळीची पोरगी तिकडे हिची वाट बघत ताटकळायची. ड्युटीला जाण्याआधी ती गॅरेजात आली आणि मागच्या सीटवर राहिलेली पिशवी आवरत बसली. कानसेननं हात वर केला. सगळे गप्प झाले. त्यानं किल्ली अर्धी फिरवली, मान तिरकी केली.

"पंप गेलाय, सिस्टर. बदलावा लागेल."

"गेलाय कसा? माझ्या बुडाखाली वाजतोय की!"

"सिस्टर, उभा जन्म गेला माझा यात."

"गेला असेल. पण तो वाजतोय. परत फिरवा बघू किल्ली."

त्यानं फिरवली. तिनं बोट वर केलं, क्षणभरानं खाली आणलं. तेवढा वेळ त्याच्या कानात काहीही नव्हतं.

तो भावाकडे वळला. "तू सांग रे. वाजतोय?"

भावाचे ओठ हलले.

"काय?"

"वाजतोय, दादा!" भाऊ ओरडला. ओरडला आणि कसनुसा झाला.

कानसेनला तेव्हा भावाचं कोकलणं कळलं. बायकोचं पुढ्यात येऊन उभं राहणंही कळलं. त्याला बऱ्याच दिवसांपासून नीट ऐकू येत नव्हतं, हे त्याच्याखेरीज सगळ्या घराला ठाऊक होतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. राग आला होता, पण तो काढायचा कुणावर?

त्यानं टब बाहेर अंगणात ओढला, एकेक पंप कोरडा पुसला आणि बॅटरीच्या वायरींना जोडला. पहिला त्याच्या तळहातात थरथरला. दुसराही. मग सगळेच. एक तेवढा खरोखर मेलेला निघाला. तो त्यानं बाजूला ठेवला आणि उरलेल्यांकडे बघत राहिला.

"कानाच्या ओपीडीत या," नर्स त्याच्यासमोर येऊन, सावकाश म्हणाली. "आणि माझ्या गाडीचं काय?"

मग त्यानं वायरी तपासायचा मीटर काढला. आजवर त्याला त्याचा भलता कंटाळा होता. एकेक करत तो इंजिनाचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरपाशी आला. गाडी गारठलेली, आणि हा दीडशहाणा सांगत होता, इंजिन चांगलं तापलंय! मग थंड इंजिनाला लागतं तेवढं जास्तीचं पेट्रोल मिळणार कुठून? त्यानं सेन्सर बदलला आणि गाडी तशीच ठेवली.

दुसऱ्या सकाळी पंखा बंद झाला, रेडिओ बंद झाला. कानसेननं किल्ली भावाच्या हातात दिली आणि स्वतः बॉनेटवर हात टेकून उभा राहिला. एका स्टार्टरमध्ये इंजिन लागलं. ते त्याच्या तळहाताला समजलं. नर्स हात हलवून निघून गेली.

"ज्यांचे पंप आपण उगाच काढले, त्या सगळ्यांना फोन लाव," तो भावाला म्हणाला. "तूच बोल. मला पलीकडचं ऐकू येत नाही."

भाऊ फोन हातात घेऊन घुटमळला. मग सवयीनं आवाज चढवून म्हणाला, "काय सांगू, दादा?"

"खरं काय ते सांग. आणि असंच मोठ्यानं बोल, मलाही ऐकू येऊ दे."