हिरव्या शालीची शेवटची गाठ

आधीच सांगते, मी संशयी बाई आहे. भुताखेतांवर विश्वास ठेवायला मन थोडं भाबडं लागतं, ते माझ्याकडे नाही. वडील साताऱ्याच्या कोर्टात कारकून. आमच्या घरी दूध सांडलं तर आधी मांजराच्या मिशा बघायच्या, मग काठी उचलायची. त्यामुळे खालचं वाचून 'बाई हळव्या दिसतात' असं कुणी म्हणू नये. ही हकीकत मी आमच्या मिस्टरांनासुद्धा अर्धीच सांगितली आहे.

१९७४ ची थंडी. लग्न होऊन मी पलूसला आले त्याला दोन-तीन वर्षं झाली होती. घरात सासरे, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. माझे मिस्टर रोज सांगलीला नोकरीला जायचे. मोठ्या जाऊबाई म्हणजे अक्का. त्यांचे मालक मिलिटरीत, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचे. सासूबाई आम्ही दोघी सुना यायच्या आधीच बाळंतपणात गेलेल्या. दोघींनीही त्यांना पाहिलेलं नव्हतं. आणि धाकटी नणंद शांता, ती पाटणला दिलेली.

जाळीच्या शाली विणायला मला शांतानेच शिकवलं. क्रोशा नव्हे हं... मासे धरायचं जाळं विणतात तशी गाठीवर गाठ. लोकर गुंडाळायला बांबूची चपटी सुई आणि जाळीची घरं सारखी यावीत म्हणून एक पट्टी, एवढंच सामान. दुपारी जेवणं उरकली की आम्ही दोघी सोप्यात बसायचो. शांता डावखुरी, तिची गाठ डावीकडे कलायची. माझी उजवीकडे. शाल बघितली की कुणी विणली ते लगेच कळायचं. आणि या घरातली एक रीत होती. शाल पूर्ण करायची नाही. शेवटचं एक घर उघडं ठेवायचं, आणि जिची शाल तिच्या अंगावर घालून मग तिच्या खांद्यावर ती गाठ मारायची. सासरी जाताना शांताने स्वतःची सुई मला दिली आणि म्हणाली, "वैनी, पयली शाल माझ्यासाठीच करा."

तिला दिवस गेल्याचं कळलं तेव्हा मी सांगलीहून हिरवी लोकर आणवली. पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी यायची, तोवर शाल होईल असा हिशेब. पण सातवा उलटला, आठवा लागला, शांता काही आली नाही. पाटणहून निरोप आला — भाताची मळणी चाललीय, उरकली की धाडतो, पोरगी बरी आहे.

अक्कांना तो निरोप पटला नाही. त्या रोज मामंजींच्या मागे लागायच्या. "आवं मामंजी, कुणीतरी जाऊन बघून तरी या."

मामंजी मान खाली घालून तंबाखू मळत बसायचे. "लेकीच्या बापानं न बोलवता व्याह्याच्या दारात जायचं नसतं."

आणि याच दिवसांत माझी शाल वाढायला लागली.

म्हणजे काय, तर दुपारी मी जिथवर विणून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे एक ओळ जास्त दिसायची. पहिल्यांदा वाटलं, आपलाच विसराळूपणा. मग उजेडात नीट बघितलं. जास्तीच्या ओळीतली एकूण एक गाठ डावीकडे कललेली! बाकी सगळी शाल उजवीकडे, आणि मध्येच असा उलटा पट्टा.

माझा संशय कुणावर जाणार? घरात दुसरी बाई एकच. शिवाय कारणही समोर होतं. अक्कांना पाटणला कुणीतरी जायला हवं होतं. शांताच्या हातच्यासारख्या गाठी दिसल्या की मी घाबरेन, रडेन आणि मामंजी विरघळतील. वा रे डोकं! मी शाल सुई-लोकरीसकट माहेरच्या ट्रंकेत ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली मंगळसूत्रात अडकवली. दुसऱ्या दिवशी दुपारी ट्रंक उघडली... नवी ओळ तयार. लोकरीचा गुंडाही तेवढा कमी झालेला.

मी तशीच शाल घेऊन चुलीपाशी गेले. अक्का भाकरी थापत होत्या.

"अक्का, दुसरी किल्ली कुठं केलीत?"

त्यांनी शाल बघितली, मग माझ्याकडे. "तुझ्या डोस्क्यात काय शिरलंय, सुमन? मला गोधडी येती. ह्ये जाळ्याचं काम कवा शिकले मी?"

"मग मारून दाखवा एक गाठ. डाव्या हातानं."

कुणी दुसरी असती तर परात फेकून मारली असती. अक्कांनी पीठ झाडलं, सुई घेतली आणि जुन्या सुतळीवर डाव्या हाताने धडपडत गाठ मारली. ओढल्याबरोबर ती सुटली. पुन्हा मारली, पुन्हा सुटली. उसाच्या पाल्याने चिरलेल्या त्यांच्या बोटांतून सुई निसटत होती.

"आणि येक सांगते," त्या म्हणाल्या, "मला तुला पाटणला धाडायचंच असतं तर ह्ये असलं सोंग कशाला केलं असतं? सरळ पाया पडले असते तुज्या."

मला ते पटलं का? नाही. येत असून न येण्याचं नाटक करणं काय अवघड असतं! पण माझ्याकडे एक साक्षीदार होता. गाठी ओळखणारी शांता. तिला शाल दाखवायची आणि तिच्याच तोंडून वदवायचं की या गाठी तिच्या नाहीत, कुणीतरी नक्कल केली आहे. मामंजींना मी म्हटलं, शाल अंगावर घालून शेवटची गाठ मारायची आहे, तुमच्याच घरची रीत, त्याला बोलावणं कशाला लागतं? मामंजी हातातली तंबाखू झटकत म्हणाले, "जा." मला उगाच वाटलं, त्यांना हे कारण हवंच होतं.

पलूसहून कराड, कराडला गाडी बदलून पाटण. पोहोचले तेव्हा खळ्यावर मळणी खरोखरच चालू होती. निरोप खोटा नव्हता. शांता आतल्या खोलीत घोंगड्यावर पडलेली. तोंड इतकं सुजलेलं की डोळे बारीक झाले होते. पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता.

"पयलटकरणीला सूज येतीच की," तिची सासू दारातून म्हणाली. वाईट बाई नव्हती ती. तिला खरंच तसं वाटत होतं.

शांता म्हणाली, "वैनी, डोस्कं लय ठणकतंय. डोळ्यापुढं काजवं चमकत्यात."

आणि मी काय केलं? तशातही शाल तिच्या मांडीवर पसरली. कारकुनाची मुलगी ना मी! म्हटलं, "या गाठी बघ बरं. कुणाच्या आहेत?"

तिने डोळ्यांनी बघितलंच नाही. नुसती बोटं फिरवली, परत फिरवली.

"ह्या माझ्या न्हाईत, वैनी. मी गाठ येकदा वढते. ह्या दोनदा वढल्याल्या हायत." तिने सुई चाचपली. "आई दोनदा वढायची. ती बी माझ्यासारखीच डावखुरी. ही सुई तिचीच की."

मी म्हटलं, अक्कांना तुझ्या आईच्या गाठी कुठून माहीत? तिच्या हातची एखादी शाल घरात आहे का? शांताने मान हलवली. होती ती एकच, ती आईबरोबरच गेली.

मग शाल कुरवाळत ती अगदी सहज म्हणाली, "आईचं पाय बी शेवटाला असंच सुजलं हुतं."

अक्का, किल्ली, नक्कल, सगळं डोक्यातून गेलं. मी तिच्या सासूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता कराडला न्यायचं. म्हातारी मळणीचं बोलायला लागली तेव्हा मी आवाज चढवला. व्याह्याच्या घरी सुनेच्या भावजयीने आवाज चढवायचा नसतो, हे मलाही माहीत होतं. पण शांताचा नवरा खळ्यावरून धावत आला, बायकोचं तोंड बघितलं आणि आईला एक शब्द न विचारता गावातली जीप घेऊन आला. बायको बरी आहे असं त्यालाही रोज सांगितलं जात होतं, आणि त्याचाही विश्वास होता.

कराडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि आधी धावपळ केली, मग आम्हाला झापलं. "मळणी उरकेपर्यंत थांबला असतात तर ही उरली नसती," असं त्या स्वच्छ म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे शांताला मुलगी झाली. एवढीशी, पण आवाज खणखणीत.

पलूसला रात्रीच निरोप गेला होता, त्या सकाळी अक्का डबा घेऊन आल्या. सरळ बाळाला दोन्ही हातांवर घेतलं आणि रडल्या. जरा वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "बांध आता गाठ."

मी शाल शांताच्या खांद्यावर घातली. शेवटचं घर उघडंच होतं, मी त्यात बोट घालून बघितलं. सुई लोकरीला लोंबत होती. गाठ मारल्यावर लागेल म्हणून मी कात्री काढायला पिशवीत वाकले. कात्री हाताला लागली, मी सरळ झाले...

गाठ मारलेली होती. डावीकडे कललेली. नखाने चाचपून बघितलं, दोनदा ओढलेली.

मी आधी अक्कांकडे बघितलं. एवढं सगळं होऊनही आधी तिकडेच बघितलं. त्यांच्या दोन्ही हातांवर बाळ होतं. एक हात बाळाच्या मानेखाली, एक पाठीखाली. शांताचा डावा हात सलाईनसाठी फळीला बांधलेला, उजवा पांघरुणाखाली, आणि ती डोळे मिटून पडलेली. तिचा नवरा बाहेर व्हरांड्यात. बाळ सोडलं तर खोलीत चौथं कुणी नव्हतं.

अक्कांनी गाठीकडे बघितलं आणि बाळाला आणखी जवळ घेतलं.

वर्षं झाली. ती मुलगी आता स्वतः आई आहे, हिरवी शाल तिच्याकडे असते. तिच्याकडे गेले की मी चष्मा लावून ती गाठ बघते. वाचकांत कुणाला काही सुचलं तर जरूर कळवा, मी सगळ्या बाजूंनी विचार केला आहे. गाठ आपोआप बसत नाही, हात लागतो. त्या खोलीत मोकळे हात फक्त माझे होते. त्यांतल्या एकात पिशवी होती, दुसऱ्यात कात्री. आणि मी उजव्या हाताची आहे.