दुसऱ्याच्या गळ्याचा नवस

डिसेंबरात एका सकाळी मोन्सिताला विणलेली लेस तीनदा उसवावी लागली, तेव्हा शेजारच्या प्रोवीने ओळखलं, की बाईचं चित्त ठिकाणावर नाही. आमच्या बेटावर मोका गावात घरोघरी लेस विणतात; पण मोन्सेराते आरोचो, म्हणजे सगळ्यांची मोन्सिता, चाळीस वर्षांत कधी चुकली नव्हती. पुढ्यात गोल उशी, उशीत टोचलेल्या टाचण्या आणि त्यांच्याभोवती दोरा गुंडाळलेल्या लाकडी कांड्यांची टकटक. बाप्तिस्म्याच्या झबल्याला तिची लेस लागली, की पोराची आजी ते झबलं उलटं करून आतली बाजूही पाहुण्यांना दाखवायची.

"पोराचा फोन आला नाही, तर दोऱ्यावर कशाला राग काढतेस?" प्रोवी कुंपणावरून म्हणाली.

"फोन आला होता. त्याच्या ऑफिसातल्या बाईचा. 'विल सर पाच तारखेला नक्की पोचतील, काळजी करू नका.'"

"मग? येतोय ना?"

"तो स्वतः का नाही बोलला?"

"मोठी माणसं स्वतः फोन करत नाहीत, करवतात."

"माझा मोठा माणूस करतो," मोन्सिता कांड्या जागेवर ठेवत म्हणाली. "नोव्हेंबरपर्यंत दर रविवारी करत होता."

मोन्सिताने तिला रेडिओवरच्या बातमीबद्दल सांगितलंच नाही. विलचा शिकागोतला गाण्याचा कार्यक्रम रद्द, मायामीतले दोन पुढे ढकलले. कारण, प्रकृती. प्रकृती म्हणजे ताप असेल, पाय मुरगळला असेल, असं ती स्वतःला समजावत होती. पण मन पुन्हा पुन्हा एकाच जागी जाऊन थांबत होतं. गळा.

विल्बेर्तो तिच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. बहीण न्यू जर्सीत कारखान्यात लागली आणि 'सहा महिन्यांत घेऊन जाते' म्हणून दोन वर्षांचं पोर मोन्सिताकडे ठेवून गेली. ते तिथेच वाढलं. सातव्या वर्षी त्याच्या घशाला अशी सूज आली, की श्वास कोंडून ओठ निळे पडले. मायाग्वेसच्या इस्पितळात नळी घालून वाचवलं, पण नळी काढल्यावर आवाजच नव्हता. एक महिना गेला, दोन गेले. पोर तोंड उघडायचं आणि नुसती हवा बाहेर यायची. डॉक्टर म्हणाले, "येईल कदाचित. कसा येईल ते सांगता येत नाही."

त्या दिवशी घरी येऊन मोन्सिता फळीवरच्या, नाताळच्या गोष्टीत तान्ह्या देवाला भेटी घेऊन येणाऱ्या तीन राजांपुढे गुडघ्यावर बसली. तिच्या आजोबांनी कोरलेले ते लाकडी राजे, घोड्यांसकट वीतभर उंचीचे. मधले काळे मेल्चोर, पांढऱ्या घोड्यावर. तिने नवस बोलला, "याला आवाज द्या. दर वर्षी पाच जानेवारीला, तुमच्या सणाच्या आदल्या दिवशी, याच घरात हा स्वतःच्या तोंडाने तुमची गाणी म्हणेल. जन्मभर."

प्रोवीच्या सासूला हे कळलं, तेव्हा म्हातारीने कपाळावर हात मारला. "अगं बाई, नवस आपल्या अंगाचा बोलावा. अनवाणी चाल, केस काप, गोड सोड. दुसऱ्याचा गळा तू कसा देऊन बसलीस?"

"दुसरा कुठे? माझाच आहे तो."

"आज तुझा आहे," म्हातारी एवढंच म्हणाली.

महिना उलटायच्या आत पोर अंगणातून ओरडलं, "तीती, कोंबडी पळाली!" मोन्सिता कोंबडीमागे न धावता पायरीवर बसून रडली. तीती म्हणजे मावशी. त्यानंतर ते पोर गप्प म्हणून बसलंच नाही. चर्चमध्ये गायला, शाळेत गायला, बाराव्या वर्षी सान हुआनला पाच मुलांच्या बँडमध्ये गेला. पाचही जण एकसारखे पांढरे बूट घालून उड्या मारत गायचे आणि पोरी किंचाळायच्या. पंधराव्या वर्षी आवाज फुटला, तसं बँडवाल्यांनी त्याला घरी पाठवलं. तेव्हाही मोन्सिता रात्रंदिवस राजांपुढे होती. आवाज जाड होऊन परत आला. मग प्रेमगीतं, मग मेक्सिकोतली टीव्ही मालिका, मग थेट अर्जेंटिनापर्यंत पोस्टर्स. सव्विसाव्या वर्षी अमेरिकेतल्या कंपनीने त्याला इंग्रजीत गायला उभं केलं. नाव कापून नुसतं 'विल' ठेवलं. वर्षभर एक मास्तरीण त्याच्या दातांत बूच धरायला लावून त्याच्याकडून उच्चार घोटून घेत होती. आणि गेल्या उन्हाळ्यात त्याचं गाणं तिकडच्या दुकानांत, पेट्रोल पंपांवर, बेसबॉलच्या मैदानांत, जिथे जाल तिथे वाजायला लागलं. जी गोरी माणसं कालपर्यंत मोका नकाशात दाखवू शकली नसती, ती कंबर हलवायला शिकली.

"आपला विल्बेर्तो आता त्यांचा झाला," गावात कुणी टोमणा मारला, की मोन्सिता विचारायची, "पाच जानेवारीला तो कुठे असतो?" तो यायचाच. एकदा मेक्सिकोहून तीन विमानं बदलून, अंगात ताप घेऊन आला होता. गायला, जेवला आणि दुसऱ्या सकाळी परत गेला.

चुकलं ते गेल्या वर्षी. न्यूयॉर्कला बर्फ पडलं, विमानं जागेवर बसली आणि विल्बेर्तो पोचला सहा तारखेला दुपारी. पोरांनी रात्री खेळणी घेऊन येणाऱ्या राजांच्या घोड्यांसाठी खोक्यांत भरून ठेवलेलं गवत संपलं होतं, खेळणी उघडून झाली होती, राजे आले तसे गेले होते. तो तरीही गायला. सगळे म्हणाले, चालतं, देवाला कळतं. मोन्सिताही तोंडाने म्हणाली, चालतं. पण नवस पाच तारखेचा होता. वर्षभर दर रविवारी फोनवर ती त्याला बजावत राहिली, "या वर्षी चुकायचं नाही हं, बाळा. काही झालं तरी." तो हसायचा. ऑगस्टपासून त्याचं हसणं जरा खरखरीत झालंय असं तिला वाटलं होतं. फोनची तार खराब असेल, म्हणून तिने सोडून दिलं होतं.

पाच जानेवारीला पहाटेपासून ओल्या तुरीचा भात, मांसाचं सारण भरून केळीच्या पानात बांधलेले पास्तेलेस, खोबऱ्याच्या दुधातला गोड भात. दुपारी कुंपणाबाहेर निम्मं गाव जमलं, काहींच्या हातात कॅमेरे. एलादिओ आपलं क्वात्रो घेऊन आला. त्या दहा तारांच्या वाद्यावर या घरची गाणी तोच वीस वर्षं वाजवत आला होता. तीनच्या सुमारास काळी गाडी थांबली. लोक ओरडले, "विल! विल!" तो हात हलवत आत आला. मोका गावच्या त्या उकाड्यात त्याच्या गळ्याभोवती लोकरी रुमाल होता.

आमच्याकडे कितीही मोठा झालेला माणूस उंबऱ्यातच म्हणतो, "आशीर्वाद, तीती." त्याशिवाय पाऊल आत पडत नाही. विल्बेर्तो उंबऱ्यात थांबला. तोंडातून शब्द निघाला नाही. त्याने नुसतं डोकं तिच्यापुढे झुकवलं.

"देव तुझं भलं करो," ती पुटपुटली. न मागितलेला आशीर्वाद तिने पहिल्यांदाच दिला. त्याने खिशातून छोटी वही काढली आणि स्वयंपाकघरात ओट्याला टेकून लिहिलं.

*स्वरतंतूंवर गाठी आहेत. डॉक्टरांनी अजून सहा आठवडे एक शब्दही बोलायचा नाही म्हणून सांगितलंय. नाही तर ऑपरेशन, आणि मग काय होईल ते त्यांनाही ठाऊक नाही. पण आज एक गाणं म्हणणार.*

"डॉक्टरांना विचारलंस?"

*डॉक्टरांना नवस काय कळतो?*

प्रोवी खांद्यावरून वाचत होती. "बरोबर आहे पोराचं. राजांनीच दिलाय आवाज, राजेच राखतील. म्हणू दे."

"एक गाणं कशाला? एक कडवं पुरे," एलादिओ म्हणाला. "मी खालच्या पट्टीत वाजवतो. तू नुसता सूर लाव, बाकीचं आम्ही उचलतो. काय, मोन्सिता?"

"आणि बाहेर लोक उभे आहेत ते?" प्रोवी म्हणाली. "त्यांना काय सांगणार? पोर आलं, जेवलं, गेलं?"

"लोकांना भात घाल म्हणावं. भरल्या तोंडाने कुणी ओरडत नाही."

"एलादिओ, इथे जिवाशी गाठ आहे आणि तुला विनोद सुचतोय."

"घाबरलो, की मला सुचतातच, प्रोवीबाई. काय करू?"

एक कडवं, अर्धं कडवं, एक सूर. प्रत्येक जण मोठ्या मायेने वाटाघाट करत होता, आणि वाटाघाट चालली होती ती त्या रुमालाखालच्या गळ्याची. ज्याचा गळा, तो ओट्याशी उभा राहून एकेकाच्या तोंडाकडे बघत होता. मग त्याने पुन्हा लिहिलं आणि वही फक्त तिच्याचकडे वळवली.

*गेल्या वर्षी चुकलं म्हणूनच हे झालं ना, तीती?*

सत्तावीस वर्षांचा माणूस. मासिकांच्या मुखपृष्ठांवर छातीची बटणं उघडी टाकून हसणारा. आणि डोळ्यांत अगदी तेच, इस्पितळातून आलेल्या पोराचं, आपल्या हातून काय गुन्हा झाला ते न समजलेलं. ही भीती त्याला डॉक्टरांनी दिली नव्हती, अमेरिकेतल्या कंपनीनेही नव्हती. वर्षभर दर रविवारी तिनेच ती चमच्याचमच्याने भरवली होती.

बाहेरच्या खोलीत जाऊन एलादिओने वाजवायला सुरुवात केली. विल्बेर्तो वही ओट्यावर ठेवून राजांपुढे जाऊन उभा राहिला. त्याने रुमाल सोडला. खांदे वर गेले, श्वास भरला.

"थांब!"

मोन्सिताचा आवाज एवढा चढला, की एलादिओचा हात तारेवरच राहिला. ती पोराला बाजूला सारून फळीपुढे उभी राहिली. गुडघे टेकले नाहीत. तिला भीती होती, की टेकले तर धीर सुटेल.

"ऐका," ती राजांना म्हणाली, "वीस वर्षांपूर्वी मी तुम्हाला जे दिलं, ते माझं नव्हतं. सात वर्षांच्या पोराला न विचारता मी त्याचा गळा देऊन टाकला. चूक माझी. आजपासून हा मोकळा आहे. गाईल, नाही गाईल, येईल, नाही येईल, त्याच्याकडे मागायचं नाही. रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. गाणी दर वर्षी होतील. मी जिवंत आहे तोवर या घरात पाच तारीख सुनी जाणार नाही. एवढंच माझ्या हातात आहे."

मेल्चोरांच्या चेहऱ्यावर काय दिसणार? लाकूडच ते. प्रोवीने छातीवर तीनदा क्रूस काढला. "मोन्सिता, असं तोंडावर कुणी सांगतं का गं?"

"मग काय पाठीमागे सांगू?"

एलादिओने घसा साफ केला. "तर मग... गाणार कोण?"

"तू. मी. ही प्रोवी, जिला नको तिथे आवाज फुटतो ती. बाहेरच्यांना आत घे."

लोक आत आले. सूर कुणाचा कुठे चालला होता, पण गायले. विल्बेर्तो मागच्या पायरीवर भाताची ताटली मांडीवर घेऊन ऐकत बसला. मोन्सिता त्याच्याजवळ टेकली, तेव्हा त्याने वही काढून दोनच शब्द लिहिले. *पुढच्या वर्षी?*

हाच प्रश्न तिला नको होता. राजांपुढे बोलताना तिच्या लक्षात आलं नव्हतं, आता आलं. वीस वर्षं तो येत होता; पण नवसासाठी येत होता की तिच्यासाठी, हे तिला कधी शोधावंच लागलं नव्हतं. आता शोधावं लागणार होतं. तोंडाशी आलेलं 'नक्की ये' तिने गिळलं.

"तुला यावंसं वाटलं तर ये," ती म्हणाली. "आणि खा. भात निवतोय."

पुढचे सहा आठवडे तिने कसे काढले ते तिचं तिला ठाऊक. रविवारी फोन वाजायचा नाही, तरी ती त्याच्याशेजारी बसून राहायची. कधी वाटायचं, आपण राजांना दुखवलं आणि पोराचा गळा गेला. कधी वाटायचं, गाऊ दिलं असतं तर गेला असता. तिच्या जिवाला दोन्हीकडून सारखाच घोर. फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी फोन वाजला. पलीकडून आलं, "आशीर्वाद, तीती."

"पुन्हा म्हण."

"आशीर्वाद."

"अजून एकदा." आवाज जरा खाली उतरला होता. की तिलाच तसं वाटत होतं? "दुखतंय का? डॉक्टर काय म्हणाले? गार पाणी पितोस का अजून?"

"तीती, आधी आशीर्वाद तरी दे!"

तिने दिला.

नोव्हेंबरात त्याने सांगितलं, जानेवारीत युरोपचा दौरा आहे, पाच तारखेला जर्मनीत कार्यक्रम आहे. थांबत थांबत सांगितलं. मोन्सिता म्हणाली, "छान. गळ्याला ऊब ठेव." फोन खाली ठेवून ती केळीची पानं पुसायला लागली. अजून सात आठवडे होते, हे तिला नंतर आठवलं.

पाच जानेवारीला चार वाजता एलादिओ क्वात्रो मांडीवर घेऊन बसला. कॅमेरेवाले कुणी आले नव्हते. पंधरा-वीस माणसं होती, रोजचीच.

"राजे रागावले तर गं?" प्रोवीने हळूच विचारलं.

"रागावले तर येतील. पत्ता माहीत आहे त्यांना."

"कुणाची वाट बघायची आहे का?" एलादिओने विचारलं. दाराकडे न बघता विचारलं, तेवढं त्याला कळत होतं.

"नाही. सुरू कर."

तारा वाजल्या. मोन्सिताने मेणबत्ती सरळ केली. या खेपेला तिने राजांकडे काही मागितलं नाही, काही कबूलही केलं नाही. फक्त एकदा घड्याळाकडे पाहिलं. इथे चार, म्हणजे जर्मनीत रात्रीचे नऊ. आता तो स्टेजवर असणार. तिने पदरासारखा ॲप्रनचा कोपरा मुठीत घट्ट धरला आणि पहिलं कडवं उचललं, चुकीच्या पट्टीत.