दशकातले बावीस जण

त्या कोचचं नुसतं नाव निघालं तरी अजून माझं डोकं तापतं.

२००९ साली मी जर्मनीत एर्लांगेनला पीएचडी करत होतो, मेंदूच्या एमआरआय चित्रांवर. माझा फ्लॅटमेट इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होता, दारातून जेमतेम मावेल असा दांडगा, आणि गावातल्या हौशी अमेरिकन फुटबॉल संघाचा सेंटर. सेंटर म्हणजे पायांमधून चेंडू मागे सरकवायचा आणि पुढच्याच क्षणी समोरच्या धिप्पाड माणसावर आदळायचं. दर डावाला, दुपारभर. हा खेळ मला त्यानेच शिकवला, माझ्या मसाल्याच्या डब्यातल्या वाट्या टेबलावर मांडून.

दशक संपत आलं होतं, म्हणून आम्ही एक खेळ काढला. अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळाडूंमधून दशकातले सर्वोत्तम बावीस निवडायचे, अकरा आक्रमणाचे, अकरा बचावाचे. फ्रीजवर कागद लावला. क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकणारा म्होरक्या, कोण यावरून आठवडाभर भांडलो. तो म्हणायचा, "आधी लाइनमन लिही, माझ्यासारखे पुढच्या रांगेत अडवणारे. मार तेच खातात आणि त्यांची नावं कुणाला माहीत नसतात." मी मात्र बचावातल्या एका खेळाडूवर अडून बसलो होतो. त्याच्या एका धडकेने समोरच्याचं हेल्मेट उडालं होतं. ती क्लिप मी कितीदा पाहिली असेल! मेंदूवर काम करणारा माणूस मी, आणि टाळ्या वाजवत होतो.

मे महिन्यातल्या एका शनिवारी दुपारी त्याच्या संघाचा सामना होता. मी नेहमीसारखा संघासाठी शूटिंग करत होतो. तिसऱ्या सत्रात माझ्या फ्लॅटमेटचं हेल्मेट समोरच्याच्या हेल्मेटवर आपटलं. तो पडला, उठला आणि चालत जाऊन सरळ दुसऱ्या संघाच्या बाकावर बसला. लोक हसले. मीसुद्धा हसलो.

कोचने त्याला ओढून आणलं, दोन बोटं नाचवली. "किती?"

"दोन."

"गुट! छान!" हेल्मेटवर थाप मारून त्याने त्याला परत आत ढकललं.

मी कॅमेरा सोडून पुढे गेलो. "अरे, त्याला आपला बाक कुठला ते कळत नाहीये."

"तू कॅमेरा सांभाळ," कोच म्हणाला.

आणि मी कॅमेरा सांभाळला. सामना संपेपर्यंत त्याला धडका देताना टिपत राहिलो. आम्ही जिंकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फ्रीजसमोर उभा होता. "हा कागद कुणी लावलाय?" त्याने विचारलं. अर्ध्याहून जास्त नावं त्याच्याच अक्षरात होती. मग तो सिंकमध्ये ओकला. मी टॅक्सी बोलावून त्याला इस्पितळात नेलं. मार लागल्यावर तो किती वेळ बाहेर बसला होता, असं डॉक्टरबाईंनी विचारलं. एक डाव, मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

मंगळवारी मी सरावाला गेलो आणि सगळ्या संघासमोर कोचला धरलं. क्लबमध्ये सगळे एकमेकांना 'तू' म्हणतात. त्या दिवशी मी त्याला मुद्दाम 'तुम्ही' म्हणालो. "बोटं मोजायला लावलीत तुम्ही त्याला! डॉक्टर आहात का तुम्ही?"

"आल्झो, हे बघ, तो सज्ञान आहे. नको म्हणाला का तो? अमेरिकेत असेच खेळतात, म्हणून ते सर्वोत्तम आहेत."

"त्या सर्वोत्तमांपैकी काहींना निवृत्तीनंतर स्वतःच्या घराचा रस्ता सापडत नाही. कधी वाचलंय का?"

तो हसला. "तू क्रिकेटच्या देशातला. तुला नाही कळायचं." संघातले वीसेक जण बुटांच्या नाड्या बांधत राहिले. एकानेही मान वर केली नाही. त्यांचाही राग आला मला.

सगळ्यात जास्त चिडला तो फ्लॅटमेटच. "तुला कुणी सांगितलं होतं तिथे जायला? माझी जागा घालवलीस!" अंधाऱ्या खोलीतून ओरडायचा, आणि ओरडून डोकं दुखलं की रडायचा. कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघवत नव्हतं, दोन ओळी वाचवत नव्हत्या. सेमिस्टर गेलं. ऑगस्टमध्ये त्याचे वडील येऊन त्याला घरी, रेगेन्सबर्गला घेऊन गेले. कागद मी काढून फाडला.

ऑक्टोबरमध्ये मी त्याला भेटायला गेलो. तो झोपला होता. त्याच्या आईने कॉफी ओतली, केक कापला. मग विचारलं, "तुम्ही तिथे होतात ना?"

"हो."

"मग?"

मी कोचला कसं फैलावर घेतलं ते सांगू लागलो. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "ते मंगळवारचं. मी शनिवारचं विचारतेय."

मी केकची बशी बाजूला सरकवली.

त्याने पुढे शिक्षण पूर्ण केलं, वर्षभर उशिरा. खेळ कायमचा सुटला. माझ्याशी तो पुन्हा मोकळेपणाने बोलला नाही. कोच मात्र मी एर्लांगेन सोडलं तेव्हाही त्याच मैदानावर शिट्टी फुंकत होता.