कस्तुरीनं केलेली चौकशी

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बोलायला माणूस नव्हतं असं नाही. मित्र आहेत, आई आहे, मठात स्वामी आहेत. पण त्यांच्यासमोर तोंड उघडलं की मी भलतंच काहीतरी बोलायला लागतो, पावसाचं, दुकानाचं. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखत असता तर सांगितलं असतं का? नसतं. निदान एवढं तरी पहिल्यांदाच खरं सांगून टाकतो.

लातूरला गंजगोलाईजवळ आमचं भांड्यांचं दुकान आहे. वडील गेल्यापासून गल्ल्यावर दादा बसतो, म्हणजे माझा मोठा भाऊ, आणि मी मागच्या बाजूला बसून भांड्यांवर नावं घालतो. लग्नाच्या ताटा-परातींवर मशीननं नाव कोरून देतात ना, ते काम. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी मोबाईलवर एक गेम खेळायचो. जुन्या काळातला गेम, त्यात किल्ले, घोडे, भाले, तलवारी आणि मधूनच एखादा राक्षस. आठ-दहा जणांनी टोळी करायची आणि गड घ्यायचे. त्या गेममध्ये मी बाई होतो.

हसू आलं असेल तर हसा. मित्रांना मीही हसतच सांगायचो, की दिवसभर पडद्यावर कुणाची तरी पाठच बघायची तर पुरुषाची कशाला बघू? ते काही खरं कारण नव्हतं. आमच्या घरात पुरुष म्हणजे काय असतो ते मी लहानपणापासून बघत आलो होतो आणि निदान मोबाईलमध्ये तरी मला ते व्हायचं नव्हतं — किंवा हेही मी मागाहून शोधून काढलेलं असेल. माहीत नाही. तिचं नाव मी कस्तुरी ठेवलं. तिला एक मोठी ढाल घेऊन दिली. टोळीत ढालवाल्याचं काम एकच असतं. सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं आणि मागच्यांवर येणारा घाव आपल्या अंगावर घ्यायचा. कस्तुरीला ते फार छान जमायचं. ती कधी मागं सरली नाही.

टोळीतल्या गप्पा लिहूनच चालायच्या. कुणीतरी एकदा मला ताई म्हटलं आणि मी ते खोडून काढलं नाही. गंमत वाटली. मग मीही ‘आले’, ‘गेले’ असं लिहायला लागलो, आणि एकदा लिहिलं की रोज लिहावं लागतं. शिवाय आवडायचंही. ताईशी लोक जरा हळुवार बोलतात.

त्या टोळीत एक तिरंदाज होती. तिनं स्वतःचं नाव चिमणी ठेवलं होतं. भोकरची मुलगी, बसनं नांदेडच्या कॉलेजला जायची. तिची जागा ठरलेली, कस्तुरीच्या ढालीमागं. ‘ताई, तुम्ही पुढं असल्या की मला भ्याव वाटत न्हाई,’ असं लिहायची. आपल्याच भागातली ताई मिळाली म्हणून ती लवकर मोकळी झाली. घरातलं सांगायची, मैत्रिणींचं सांगायची. पोटात दुखतंय, आज नको खेळायला, हेही सांगायची. पुरुषाला सांगू नये अशा बऱ्याच गोष्टी मी वाचल्या. तेव्हाच थांबायला हवं होतं ना? हो. पण मी जे सांगायला बसलोय ते याहून मोठं आहे.

आता दादाबद्दल सांगावं लागेल.

दादा सकाळी अंघोळ करून, कपाळाला विभूती लावून दुकानात बसतो तेव्हा त्याच्याइतका सोज्वळ माणूस अख्ख्या गोलाईत सापडणार नाही. दारू नाही, गुटखा नाही, साधी सुपारीसुद्धा नाही. गिऱ्हाइकाशी इतका गोड बोलतो की बाया त्याच्यासाठी बाजूची दुकानं सोडून येतात. घरी आला की चपलांच्या आवाजावरून आम्ही ओळखायचो, आज कसं आहे ते. भाजीत मीठ कमी पडायला नको, दार उघडायला उशीर व्हायला नको. माझ्या डाव्या कानाला कमी ऐकू येतं ते त्यामुळंच. आणि एकदा त्यानं आईचा हात पिरगाळला तो मनगटात मोडला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? मीच पुढं होऊन म्हणालो, न्हाणीत घसरली. मला कुणी शिकवलं नव्हतं. वाक्य आपोआप आलं, आणि आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मी फार मोठं काम केलंय.

त्या वर्षी दादासाठी मुली बघणं सुरू होतं. दोन-तीन ठिकाणी जमत आलेलं फिसकटलं. आई म्हणायची, “पोरगी घरात आली की सुधरंल त्यो. तुमचा बाप न्हाई का सुधरला?” आमचे वडील सुधरले नव्हते. ते वारले होते.

मग एका दुपारी चिमणीनं लिहिलं. ते मला आजही पाठ आहे. ‘ताई, तुमच्या लातूरचं एक स्थळ आलंय मला. गोलाईपाशी भांड्याचं दुकान हाय म्हणे. बाबा चौकशी करून राहिलेत, पण ते माणसांनाच विचारायलेत. माणसं दुकान सांगतेत, शेत सांगतेत. घरात कसा हाय ते बायांनाच ठाव असतंय. तुम्ही कुन्या शेजारणीला विचारा ना.’ मी वाचतोय तोवर खाली आणखी एक ओळ आली. ‘दुसरं काही नको ताई. हात उचलतो का, एवढंच विचारा. माझ्या मोठ्या बहिणीचं बघितलंय मी.’

दादा माझ्यापासून चार हातांवर बसला होता. एका म्हाताऱ्या बाईला तांब्या उलटा करून दाखवत होता आणि दोघंही हसत होते.

आपल्याकडं चौकशी कशी होते ते तुम्हाला माहीतच आहे. चार लोकांना विचारायचं, चार लोकांनी चांगलं सांगायचं, कारण उद्या आपल्याही घरी लग्न असतं. त्या पोरीला हे कळलं होतं. म्हणून तिनं वडिलांना चुकवून आपल्यापुरती वेगळी चौकशी लावली. एका बाईला विचारलं. आणि ती बाई कोण निघाली?

बघते विचारून, असं मी लिहिलं. मग दोन-तीन दिवस गप्प राहिलो, चौकशीला वेळ लागतो तेवढा वेळ. आणि लिहिलं — ‘त्यांच्या शेजारणीला विचारलं. मुलगा निर्व्यसनी आहे. सासू मायाळू आहे. हात उचलत नाही, शांत आहे. धाकटा दीर आहे, तोही साधा आहे.’

स्वतःचंही प्रमाणपत्र जोडलं मी त्यात.

तिनं हात जोडलेल्या खुणा पाठवल्या, पुष्कळ. ‘आता मी बिनघोर हो म्हणते,’ असं लिहिलं.

का केलं? दादासाठी केलं का? दादाचं लग्न व्हावं असं मला कधीच वाटलं नव्हतं. आईसाठी? बरेच दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो, आईला सून हवी होती, तिच्या डोळ्यांतलं पाणी बघवत नव्हतं. सगळं खोटं. ती ओळ लिहिताना माझ्या डोक्यात काय होतं ते मला स्वच्छ आठवतं. घरात आणखी एक माणूस आलं तर आमच्या वाट्याचं कमी होईल. एवढंच होतं. गेममध्ये मी ढाल घेऊन पुढं उभा राहायचो आणि घरात मला ज्याच्या मागं उभं राहता येईल असं कुणीतरी हवं होतं. मी एक मुलगी मागवली.

बघायच्या कार्यक्रमाला मीही भोकरला गेलो. लहान, नीटनेटकं घर, शेणानं सारवलेलं अंगण, आतल्या खोलीत बायकांची कुजबुज. ती पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिचं नाव स्वाती, हे मला तेव्हा कळलं. अशा वेळी मुली घाबरलेल्या असतात, खाली मान घालून बसतात. ही घाबरलेली नव्हती. दादाकडं तिनं सरळ पाहिलं, माझ्याकडं पाहून ओळख असल्यासारखी हसली, धाकटा दीर साधा आहे हे तिला ठाऊक होतं ना. मी पोहे खाल्ले. तिच्या वडिलांनी आग्रह केला म्हणून आणखी घेतले. अजून वेळ गेलेली नव्हती. बाहेर जाऊन मोबाईलवर एक शब्द लिहायचा होता, नको. आत ट्रे ठेवायला गेली की तिनं वाचला असता. मी बाहेर गेलोसुद्धा. हात धुतले आणि परत येऊन बसलो.

लग्नाच्या भांड्यांवर तिचं नाव मीच घातलं. सौ. स्वाती, पुढं दादाचं नाव, पुढं आमचं आडनाव. अक्षर सुबक आलं. दादानं पहिल्यांदाच माझ्या कामाचं कौतुक केलं.

लग्नानंतर कस्तुरी गेममध्ये गेली नाही. काढून टाकावी म्हटलं, पण काढली नाही. सुरुवातीला वहिनी एकदा मला म्हणाल्या, “भाऊजी, तुम्ही खेळता का हो मोबाईलवर? या गावात माझी एक ताई हाय. कधी भेटली न्हाई, पण हाय.” बाजारात गेल्या की त्या अनोळखी बायांच्या तोंडाकडं बघत राहायच्या. देवळातही. एकदा एक उंच बाई दुकानात आली, तर मला हळूच विचारलं, हिचं नाव कस्तुरी असंल का? मी म्हणालो, असेल, काय सांगावं.

पहिल्या श्रावणापर्यंत सगळं बरं चाललं होतं. मग चपलांचा आवाज पुन्हा सुरू झाला. मी स्वयंपाकघराकडं पाठ करून टीव्ही बघायला शिकलो. कमी ऐकू येणारा कान त्या बाजूला ठेवायचा. एक सांगू? वहिनी आल्यापासून दादानं आईच्या अंगाला हात लावलेला नाही. माझ्याही नाही. माझा हिशेब बरोबर निघाला. आईची तब्येत सुधारली आहे, ती चार घरी बसायला जाते, आणि सुनेचा विषय निघाला की उठून येते.

गेल्या महिन्यात वहिनींचा उजवा हात मोडला. दादा दुकानात होता, त्यांना मीच दवाखान्यात नेलं. तेच डॉक्टर. कसं झालं, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी त्याच बोलल्या, “न्हाणीत घसरले.” माझंच वाक्य. आईनं दिलं असेल त्यांना. मी विचारलं नाही. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं आणि मी औषधाच्या चिठ्ठीकडं.

त्यानंतर आठवडाभरानं, दुपारीच, माझ्या मोबाईलवर कस्तुरीसाठी निरोप आला. फार दिवसांनी. मी एका परातीवर नाव घालत होतो.

‘ताई, एका हातानं लिहायले, चुकलं तर समजून घ्या. तुम्ही ज्या बाईला विचारलं होतं ना, तिनं तुम्हाला खोटं सांगितलं. पण तिला काही बोलू नका. तिला बी शेजारी राहायचं असतंय. आन् तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझ्यासाठी विचारलं तर खरं. तेवढं बी कुणी केलं नव्हतं.’

मी मोबाईल पालथा ठेवला. परातीवरचं नाव अर्धं राहिलं होतं, ते पूर्ण केलं. कुणाच्या तरी लेकीचं होतं. गिऱ्हाइकाला ते आवडलं.

उत्तर दिलं नाही. काय देणार? मीच ती बाई, असं? मग ती कुणाच्या तोंडाकडं बघत बाजारातून चालेल? बघा, पुन्हा मी तिच्या भल्याचं बोलायला लागलो. तिच्या भल्यासाठी मी गप्प बसलेलो नाही. मी दादाला भितो, आणि ती गेली तर पुढचा नंबर कुणाचा ते मला माहीत आहे. म्हणून गप्प आहे. उद्याही गप्पच राहीन, मला ठाऊक आहे.

त्या दिवशी घरी गेलो तर वहिनींनी पाट मांडून ठेवला होता. उजवा हात गळ्यात बांधलेला. डाव्या हातानं भाकरी वाढली, डाव्याच हातानं वरण. “भाऊजी, डाव्या हातानं वाढायले,” त्या म्हणाल्या, “राग धरू नका.”

मी म्हणालो, चालतंय वहिनी. आणि जेवलो.